घरामागची शेड आणि चाळीस मीटर वायर

प्रश्न : लांज्यापासून आत आमचं गाव. ग्रामसेवक म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घरामागे, विहिरीच्या पलीकडे, गुरांचा जुना गोठा रिकामा पडला होता. तिथे सुतारकामाची हौस भागवतोय. घरापासून गोठ्यापर्यंत टेप लावली तर ४० मीटर भरलं. २ एचपीचं सिंगल फेज कटर मशीन आहे, शिवाय हातरंधा, ड्रिल, ग्राइंडर, दोन ट्यूब आणि पंखा. सध्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटमधून अडीचची वायर काढून आंब्याच्या फांदीवरून नेली आहे. कटर सुरू केलं की घरातले दिवे मंदावतात, मशीन घुमत राहतं आणि बऱ्याच वेळाने वेग घेतं. दोनदा कपॅसिटर फुटला. संध्याकाळी मीटरजवळ २०५ व्होल्ट मिळतात. गावातला वायरमन म्हणतो, 'चारची वायर टाकू, अर्थिंगची तार एवढ्या लांब न्यायला नको, मशीनची बॉडी न्यूट्रललाच जोडून देतो.' मुलगा म्हणतो, सरळ थ्री फेज घ्या. काय करू? — एक वाचक, लांजा तालुका

उत्तर : वायर किती जाडीची, थ्री फेज घ्यायचं की नाही, हे सावकाश बघू. आधी ते 'न्यूट्रललाच जोडून देतो'. फेजची तार करंट आणते, न्यूट्रलची परत नेते. ते करू देऊ नका. आधीच करून झालं असेल तर हे वाचून होताच सॉकेटमधली पिन काढा.

नव्वदच्या दशकात राजापूरकडे एका काजूच्या शेडवरून मला बोलावणं आलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, 'मशीन चालत नाही, पण हात लावला की मुंग्या येतात.' मशीन बंद आणि तरी शॉक, हे ऐकलं की वायरमनने न्यूट्रल तुटलाय असं समजून चालावं. पत्र्याखाली एक जोड होता, त्यावरची काळी टेप सोडवली. आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून गळल्या होत्या. दोन टोकांमध्ये काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढी फट. स्विच चालूच होता. त्यामुळे फेज मोटरच्या गुंडाळीतून फिरून न्यूट्रलच्या तुटक्या टोकाशी येऊन थांबलेला, आणि तिथेच कोणीतरी मशीनची बॉडी बांधून ठेवलेली. सगळं लोखंड २३० व्होल्टवर बसलं होतं. बाईंच्या पायात रबरी चप्पल होती आणि दिवस उन्हाळ्याचे, म्हणून मुंग्यांवर निभावलं. जुलैत, ओल्या जमिनीवर अनवाणी असत्या तर मला नव्हे, पोलीसपाटलांना बोलावावं लागलं असतं.

असं करणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला ४० मीटर तार वाचवायची असते, आणि न्यूट्रल जोवर धड आहे तोवर सगळं व्यवस्थित चालतंही. म्हणूनच तर ही पद्धत टिकून आहे.

आता तुमच्या घुमणाऱ्या मशीनकडे येतो. थोडा गुणाकार करावा लागेल. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे ७.४ ओहम रोध असतो. अंतर ४० मीटर असलं तरी करंट जातो तसा परतही येतो, म्हणून ८० मीटर धरायचे. रोध झाला ०.५९ ओहम. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते. तेव्हा वायरमध्ये ७ व्होल्ट जातात, त्याचं काही वाटत नाही. पण मोटर उठताना पाचपट करंट ओढते. म्हणजे ६० अँपिअर, आणि वायरमध्ये ३५ व्होल्ट गडप. तुमच्या संध्याकाळच्या २०५ मधून ३५ गेले, १७० उरले. स्वयंपाकघरातली वायर आणि तो सॉकेट यांनी खाल्लेले वेगळेच.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १७० मिळाले तर जोर जवळपास निम्म्यावर येतो. तेवढ्यात ती उठते खरी, पण रडतखडत. सुरुवातीचा कपॅसिटर एखाद-दोन सेकंदच लाइनीत असावा म्हणून बनवलेला असतो. मोटरने पाऊणएक वेग गाठला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच त्याला बाजूला करतो. मोटर वेगच घेत नसेल तर तो बिचारा आत अडकून तापतो आणि फुटतो. दुकानदाराने तुम्हाला दोन कपॅसिटर विकले, त्यात त्याचा दोष नाही आणि कपॅसिटरचाही नाही.

चारच्या तांब्याच्या वायरने हेच ३५ व्होल्ट २२ वर येतील. सहाच्या वायरने १५ वर. दहाची ॲल्युमिनिअम केबल रोधाच्या बाबतीत सहाच्या तांब्याइतकीच, म्हणून तिथेही १५. सोळाची ॲल्युमिनिअम घेतली तर ९. मी तुमच्या जागी असतो तर १६ चौरस मिलिमीटरची, चार कोअरची (आत चार वेगळ्या तारा असलेली), आर्मर्ड (वरून पोलादी वेष्टन असलेली) ॲल्युमिनिअम केबल घेतली असती. आज फेजला एक, न्यूट्रलला एक, अर्थला एक, आणि चौथा कोअर टोकांना टोप्या घालून राखून ठेवायचा. उद्या थ्री फेज झालंच तर जमीन पुन्हा उकरावी लागणार नाही. तेव्हा चारही कोअर फेज-न्यूट्रलला जातील आणि अर्थसाठी, मी पुढे सांगतोय ती, चरातली तार कामी येईल.

केबल विकत घेण्याआधी मात्र एक गोष्ट करा. कोणाला तरी गोठ्यात कटरच्या बटनापाशी उभं करा आणि परवानाधारक वायरमनला मीटरजवळ मल्टीमीटर धरायला सांगा. कटर सुरू होताना मीटरजवळच २०५ चे १८० होत असतील तर खोट तुमच्या वायरमध्ये नाही, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या जोडात किंवा लाइनीत आहे. तुमचे घरातले दिवे मंदावतात, त्यावरून मला तोही संशय आहे. तसं निघालं तर सोळाची काय, पंचविसाची केबल टाकली तरी दिवे मंदावणारच. मग महावितरणकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच जपून ठेवा.

थ्री फेजबद्दल मुलाचं म्हणणं चूक नाही, पण घाईचं आहे. २ एचपीच्या थ्री फेज मोटरला फेजमागे साडेतीन अँपिअरच्या आतबाहेर लागतात, सुरुवातीचा हिसका कमी, कपॅसिटरची कटकटच नाही. पण स्थिर आकार वाढतो. शिवाय एखादा फेज गेला तर मोटर दोन फेजवर कण्हत जळते, म्हणजे फेज गेला की मोटर तोडणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आला. हौसेच्या एका कटरसाठी एवढं नको. पुढेमागे तीन एचपीचा रंधा किंवा बँडसॉ घेणार असाल तर तेव्हा बघू. मंजूर भार मात्र आत्ताच तपासा. तो बिलावर छापलेला असतो. घरचा भार आणि हे दीड किलोवॅट मिळून जास्त होत असेल तर वाढवून घ्या.

कामाची सुरुवात मीटरच्या बोर्डापासून. स्वयंपाकघराचा सॉकेट विसरा. मेन स्विचनंतर शेडसाठी स्वतंत्र ३२ अँपिअरचा सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी बसवा. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि सी कर्व्ह म्हणजे मोटर उठतानाचा हिसका सोसणारा. डबल पोल म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. ॲल्युमिनिअमचा कोअर नुसता सोलून एमसीबीत खुपसायचा नाही. पिन लग (टोकावर बसवायची धातूची पिन) दाबून घ्यायचा, नाहीतर वर्षभरात तो ढिला होऊन जळका वास यायला लागतो.

केबल जमिनीतून न्या. आंब्याच्या फांदीवरून नको, आणि खांब रोवून वरूनही नको. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात नारळाची एक झावळी पडली तरी वायर खाली येते. पण माझी खरी भीती वेगळी आहे. हवेतल्या वायरला आधार म्हणून जीआय तार ओढतात. ती मस्त ताठ असते, अंगणाच्या वरून गेलेली असते, आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला जागा नसते. पुढचं सांगायला नको. आधारतारेवर वायरचं आवरण घासून फाटतं आणि ओला टॉवेल टाकणाऱ्या माणसाचा हात त्याच तारेवर जातो. कोकणात आणि घाटावर दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. बहुतेक वेळा एक जण चिकटलेला आणि सोडवायला गेलेला दुसराही.

तर चर. ७५ सेंटिमीटर खोल. तुमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागेल, पहारीने काढावा लागेल, आणि मजूर ४५ सेंटिमीटरवर येऊन 'बास ना आता?' असं विचारेल. बास नाही. तळाला वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, वर विटा किंवा उतरवलेली जुनी मंगळुरी कौलं आडवी लावायची. माती निम्मी भरली की लाल-पिवळी धोक्याची पट्टी अंथरायची. पुढे कोणी पपई लावायला खड्डा खणला तर आधी पट्टी दिसेल, मग कौल लागेल. केबलबरोबर त्याच चरात ८ नंबरची जीआय तार टाका. ती घरचं अर्थिंग आणि शेडचं अर्थिंग जोडेल. केबलचं आर्मरही दोन्ही टोकांना ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या धातूच्या बुचातून) अर्थला जोडायचं. घुशींचा त्रास असेल तर हे पोलादी आर्मरच कामाला येतं, साध्या वायरचं आवरण त्या आनंदाने कुरतडतात. बैलगाडी किंवा टेम्पो जिथून जातो तिथे केबल पाइपातून न्या. विहिरीपासून लांब राहा, कारण उद्या कठडा दुरुस्त करायला तिथेच खणाल. दोन्ही टोकांना मीटरभर केबल वळसा घालून जास्तीची ठेवा. माती लोटण्याआधी घराच्या कोपऱ्यापासून टेप ताणून फोटो काढा. मी दोन ठिकाणी हे विसरलो आणि दोन्ही ठिकाणी परत जाऊन खणलं.

शेडजवळ स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवा. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती बेंटोनाइटचा (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा) भराव, आणि शक्यतो विहिरीवरचं सांडपाणी मुरतं तिथे. जांभ्यात ओल टिकत नाही. पावसाळ्यात मापलेलं अर्थिंग मे महिन्यात काही पट बिघडलेलं दिसतं. म्हणून मापायचं ते उन्हाळ्यातच.

आता ज्यावर माझं वायरमन मंडळींशी नेहमी वाजतं ते सांगतो. 'अर्थिंग उत्तम आहे, फॉल्ट झाला तर एमसीबी पडेल,' असं ते म्हणतात. समजा अर्थिंग खरोखर चांगलं, ५ ओहमचं आहे. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. तुमचा एमसीबी ३२ चा. हा एमसीबी ४६ अँपिअरवर पडायला तासभर लावू शकतो, प्रमाणाप्रमाणे त्याला तेवढी मुभाच आहे. तासभर बॉडी जिवंत. म्हणून शेडमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तो गेलेला आणि परतलेला करंट यांचा हिशेब ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात तोडतो. आरसीसीबीतून मशीनकडे जाणारा न्यूट्रल मात्र अर्थला कुठेही लागता कामा नये. तुमच्या वायरमनची ती युक्ती इथे केली तर आरसीसीबी उभाच राहणार नाही. मग तो म्हणेल, 'हा खराब आहे, काढून टाकू.' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. त्यावरचं टी लिहिलेलं बटन महिन्यातून एकदा दाबा.

दिव्यांसाठी दुसरा, वेगळा आरसीसीबी आणि ६ अँपिअरचा एमसीबी. ग्राइंडरने गळती केली आणि एकाच आरसीसीबीने सगळं बंद केलं तर कटरचं पातं काही सेकंद फिरतच असतं, आणि तुम्ही अंधारात त्याच्यासमोर फळी धरून उभे. वेगळा आरसीसीबी असेल तर निदान पातं दिसेल. कटरला साधा स्विच नको, हिरव्या-लाल बटनाचा डीओएल स्टार्टर लावा. लाइट गेली की त्याचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि लाइट आली तरी मशीन आपोआप उठत नाही. आपल्याकडे लाइट केव्हा जाते आणि केव्हा येते याचा नेम नाही. गेली म्हणून तुम्ही पात्यातली चिंधी काढायला हात घातलात आणि तेवढ्यात आली, असं व्हायला नको.

शेवटचं, बिलाचं. घरासाठी पाट-चौरंग करताय तोवर घरगुती मीटर ठीक. गावातल्या लग्नांची कपाटं करून विकायला लागलात तर घरगुती दराने व्यवसाय केल्याचा प्रश्न येतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि किती दिवसांपासून चाललंय ते ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. विक्री सुरू करण्याआधी उपविभागीय कार्यालयात जाऊन योग्य वर्गवारीचा अर्ज द्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून टेस्ट रिपोर्ट घ्या. ग्रामसेवक होतात, कागदाचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार.

प्रश्न : आमची वस्ती मळ्यात आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून थ्री फेज काढून गोठ्यात कडबा कुट्टी चालवतो. गोठ्यातल्या बल्बसाठी दिराने त्याच पेटीतून एक फेज घेतला आणि दुसरी तार लोखंडी खुंटीला बांधून खुंटी जमिनीत ठोकली. बल्ब छान लागतो. पण खुंटीजवळ बांधलेली म्हैस तिथे उभी राहत नाही, सारखी दावं ओढते. — एक वाचक भगिनी, बारामती तालुका

उत्तर : ताई, म्हैस तुमच्या दिरांपेक्षा शहाणी आहे. तिला आत्ता तिथून सोडा. मोटारीच्या पेटीचा मेन बंद करा आणि मगच बल्बची तार सोडवा.

खुंटीतून करंट जमिनीत उतरतो तेव्हा खुंटीच्या भोवतीच्या जमिनीवर व्होल्टेज पसरतं, जवळ जास्त आणि लांब कमी. तुम्ही उभ्या राहिलात तर तुमच्या दोन पावलांमध्ये फूटभर अंतर. म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या खुरांत चार-पाच फूट, शिवाय खुरं शेणामुतात ओली. तेवढा फरक तिच्या अंगातून जातो. तुम्हाला कळतही नाही, तिला कळतं.

आणि खुंटी उपटली गेली तर? ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर घेतो. ती मोकळी तार कोणी उचलली तर बल्ब विझतो आणि जवळजवळ सगळे २३० व्होल्ट त्या माणसाच्या अंगावर येतात. विझलेला बल्ब बघून माणूस समजतो की लाइट गेली.

गोठ्यातला दिवा घराच्या मीटरवरून घ्या. फेज, न्यूट्रल, अर्थ अशा तिन्ही तारा आणि सुरुवातीलाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. कडबा कुट्टी स्वतःच्या जनावरांपुरती असेल तर ती शेतीच्या दरात बसते, त्याची काळजी नको. तिथेच पिठाची गिरणी बसवायचा विचार असेल तर ती बसत नाही. कुट्टीच्या बॉडीला स्वतःचं अर्थिंग आहे का, हेही त्याच दिवशी बघून घ्या.

प्रश्न : पुण्यात आमचा बंगला आहे आणि गॅरेज १५ मीटरवर. इलेक्ट्रिक गाडी घेतली, ३.३ किलोवॅटचा चार्जर मिळाला. आत्ता रीळवाल्या एक्स्टेंशनवरून चार्ज करतो. रीळ गरम लागतं. — एक वाचक, पुणे

उत्तर : लागणारच. १४-१५ अँपिअर तुम्ही रात्रभर ओढताय, आणि गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला वाट नाही. इस्त्रीही मोठा भार घेते, पण दहा मिनिटं. गाडी सात-आठ तास घेते. आज रात्रीपुरती वायर पूर्ण उलगडा, पिनेचा सॉकेट हाताला सोसवत नसेल तर चार्जिंगच थांबवा.

कायमचं म्हणाल तर मीटरच्या बोर्डापासून चारची तीन कोअरची तांब्याची आर्मर्ड केबल, वेगळा २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि ए टाइपचा (चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची गळतीही ओळखणारा) ३० मिलिअँपिअर आरसीसीबी. १५ मीटरला व्होल्टेजची तूट दोनच व्होल्ट येते, त्यामुळे चार पुरते. पुढे ७ किलोवॅटचा चार्जर बसवायचा मनात असेल तर त्याला ३२ अँपिअर लागतात. मग आत्ताच दहाची टाका, चर एकदाच खणावा लागेल. आणि सॉकेट नामांकित कंपनीचा, औद्योगिक पद्धतीचा घ्या. साध्या मोठ्या सॉकेटची पकड रोज पिन काढून-घालून सहा महिन्यांत सैल होते, आणि तो नेमका त्या सैल जागीच काळा पडतो.